सतारीसाठी कर्ज

चुलीवर काही असेल तर आच कमी करून या, कारण आजचं बोलणं जरा लांबणार आहे. मागच्या वेळी आम्ही शेळीच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज सतारीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. आमच्या गटात या एका सतारीवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दहा वर्षांत कुठल्या शेळीवरून झाली नाहीत.

आमचा गट अकरा जणींचा. गाव भीमेच्या काठाला, पंढरपूर आणि मंगळवेढा यांच्या मधल्या पट्ट्यात. महिन्याला शंभर रुपये बचत आणि दहा तारखेला बैठक. अंतर्गत कर्ज शेकडा दोन रुपये व्याजाने देतो. आजवर कर्ज दिलं ते शेळीला, शिलाई मशीनला, पोराच्या फीला, दवाखान्याला. दोनदा लग्नालाही दिलं आणि ते लिहिताना वहीत दुसरंच काहीतरी लिहिलं, हे आता कबूल करतो.

तर गेल्या वर्षी आमच्यातल्या एका वहिनींनी अर्ज टाकला. रक्कम अठ्ठावीस हजार. कारण, मुलीसाठी सतार. मुलीचं नाव आम्ही घेत नाही. तिनेच बजावलंय, रेडिओवर माझं नाव घेतलं तर बघा. ती कॉलेजात बी.ए.ला आहे, विषय संगीत. घरी वाद्य नाही. कॉलेजात एकच सतार आणि तिच्यावर पाच मुलं. सुट्टीच्या दिवशी वाद्याच्या खोलीला कुलूप. पोरगी गुरुवारी वाजवायची ते थेट सोमवारी.

अर्ज वाचला तेव्हा पहिल्यांदा कुणी काही बोललंच नाही. मग एकजण म्हणाली, "शेळी वर्षाला दोन पिल्लं देती. सतार काय देती?" त्याच बैठकीत तिचा स्वतःचा शेळीचा अर्ज होता, त्यामुळे तिचं म्हणणं अगदीच निःस्वार्थी नव्हतं, पण चूकही नव्हतं. पैसा सगळ्यांचा आहे. दुसरी म्हणाली, उद्या लग्न झालं की सतार माळ्यावर जाणार आणि हप्ते आईच्या गळ्यात राहणार. हे तर कुणालाच खोडता येईना, कारण पोरीला एक स्थळ आलेलं होतं आणि वडिलांचं मन तिकडे झुकलेलं सगळ्यांना माहीत होतं. वहिनी काही बोलल्या नाहीत. अर्जाच्या कागदाची घडी घालत बसल्या.

मतदान घेतलं असतं तर अर्ज पडला असता. आम्ही समन्वयक म्हणून एवढंच केलं, की निर्णय पुढच्या महिन्यावर टाकला. कारण तसं साधंच होतं. त्याच महिन्यात मिरजेला विद्यापीठाच्या संगीत विभागातल्या प्राध्यापकांची तीन दिवसांची कार्यशाळा होती. 'मास्टर क्लास' म्हणतात त्याला. कॉलेजातून पोरीची निवड झाली होती आणि वडील एकटीला पाठवायला तयार नव्हते. मग ठरलं, आपणच जायचं आणि सतार म्हणजे काय प्रकरण आहे ते डोळ्यांनी बघून यायचं. निघालो सहाजणी. पोरगी, तिची आई, शेळीवाल्या ताई (त्यांना मुद्दाम घेतलं), गटाच्या सचिव, आम्ही, आणि पोरीची आजी. आजीला सगळं गाव आक्का म्हणतं. आक्का का आल्या ते पुढे सांगतो. सांगोल्यापर्यंत एसटी आणि तिथून रेल्वे. भाकरी, शेंगाची चटणी बांधून घेतली होती.

आता मास्टर क्लास म्हणजे काय, ते सांगतो. आम्हाला वाटलं होतं, फळ्यावर लिहून शिकवत असतील. तसं नसतं. एका हॉलमध्ये सतरंज्या घातलेल्या. समोर एक मॅडम बसलेल्या, विद्यापीठात सतार शिकवणाऱ्या, वय पन्नाशीच्या पुढे. एक विद्यार्थी त्यांच्यासमोर बसून वाजवतो आणि बाकीचे सगळे ऐकतात. मॅडम मध्येच थांबवतात, चूक दाखवतात, स्वतः वाजवून दाखवतात, पुन्हा वाजवायला लावतात. म्हणजे शिकवणं एकाला आणि शिकणं सगळ्यांचं. दिवसभरात सात-आठ जणांची पाळी येते. सतारीच्या शेजारच्या खोलीत व्हायोलिनचा वर्ग, त्याला दुसरे प्राध्यापक. आवाज एकमेकांत मिसळत होते, पण त्यांना त्याची सवय असावी.

आमच्या पोरीची पाळी पहिल्या दिवशी दुपारी आली. राग यमन वाजवायचा होता. तिने सुरुवात केली आणि मिनिटभरात मॅडमनी हात वर केला. आम्हाला वाटलं, संपलं. मॅडमनी विचारलं, "तरफा कुणी लावल्या?"

इथे थोडं थांबून सतार समजून घेऊ, म्हणजे पुढचं कळेल. सतारीला वर सात तारा असतात, ज्यांच्यावर वाजवतात. त्यांच्या खाली, पडद्यांच्या खालून, आणखी अकरा किंवा तेरा बारीक तारा असतात. त्या तरफेच्या तारा. त्यांना सहसा कुणी हात लावत नाही. वरच्या तारेवर जो स्वर वाजेल, त्या स्वरात लावलेली खालची तार आपोआप थरथरते आणि गुणगुणते. सतारीचा आवाज मागे रेंगाळतो तो यांच्यामुळे. आता यमनमध्ये मध्यम तीव्र लागतो. आणि कॉलेजच्या सतारीच्या तरफा लावलेल्या होत्या शुद्ध मध्यमात, आधी कुणीतरी दुसरा राग वाजवून तशाच ठेवलेल्या. म्हणजे पोरगी वर एक वाजवत होती आणि खालून वाद्य दुसरंच म्हणत होतं. पोरीला बिचारीला माहीतच नव्हतं, की राग बदलला की तरफाही बदलाव्या लागतात. पाच जणांत एक वाद्य, कोण कधी लावणार?

मॅडमनी तिच्या वीस मिनिटांतली बारा मिनिटं तारा लावण्यातच घालवली. स्वतः लावून दिल्या नाहीत, तिच्याकडून लावून घेतल्या. एक खुंटी पिळायची, ऐकायचं, पुन्हा पिळायची. हॉलमध्ये चाळीस माणसं गप्प बसून एका पोरीचं तार लावणं ऐकत होती. शेळीवाल्या ताई आमच्या कानात म्हणाल्या, "वाजवणार कधी?" पण शेवटची तार लागली आणि मॅडमनी वरच्या तारेवर एकच स्वर छेडला, तेव्हा खालच्या तारा अशा काही बोलल्या, की ताईंनी पुढे काही विचारलं नाही.

उरलेल्या आठ मिनिटांत मॅडमनी तीन गोष्टी काढल्या. पहिली नखी. उजव्या हाताच्या तर्जनीत तारेची नखी घालतात, तिला मिजराबही म्हणतात. पोरीची नखी सैल होती, तिने दोरा गुंडाळून घट्ट केली होती. मॅडम म्हणाल्या, नखी बोटाच्या मापाची घे, उसन्या चपलेने शर्यत होत नाही. दुसरं, उजव्या हाताचा अंगठा. तो दांडीच्या टोकाला टेकून स्थिर राहायला हवा, हिचा उडत होता. तिसरं म्हणजे नुसता 'दा'. सतारीत आत ओढलेल्या आघाताला दा म्हणतात आणि बाहेर मारलेल्याला रा. दोन्ही झटपट आले की दिर. यातूनच सगळी गत बांधलेली असते. मॅडमनी सांगितलं, आजपासून रोज वीस मिनिटं फक्त दा, एकाच तारेवर, आवाज एकसारखा येईपर्यंत. गत-बित नंतर.

पोरगी उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. वहिनींचेही. आम्हाला वाटलं, एवढ्या लांब येऊन चारचौघांत पोरीची शोभा झाली. पण पुढचा मुलगा आला पुण्याकडचा, त्याची सतार नवी कोरी, कपडे इस्त्रीचे. मॅडमनी त्यालाही दोन मिनिटांत थांबवलं. तो वाजवायचा भराभर, पण मींड कच्ची होती. मींड म्हणजे पडद्यावर तार बाजूला ओढून पुढचा स्वर काढायचा. तार किती ओढायची त्याची खूण कुठे नसते, कानानेच कळतं. त्याला त्यांनी एकच मींड पंधरा वेळा काढायला लावली. बोट कापलं त्याचं. खोबरेल तेलाचा बोळा पुढे सरकवून मॅडम म्हणाल्या, चला, सोळावी. तेव्हा कळलं, इथे थांबवणं हाच वर्ग आहे. नाही थांबवलं तर समजावं, की शिकवण्यासारखं काही दिसलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम आमच्यातच येऊन बसल्या, चटणी मागून घेतली. आम्ही धीर करून विचारलं, मॅडम, हे शिकून बाईला पुढे काय मिळतं? आम्हाला कर्जाचा निर्णय करायचा आहे. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कार्यक्रम करून पोट भरणारे थोडे, शिकवून भरणारे पुष्कळ. मग त्यांनी एन. राजम यांचं सांगितलं. व्हायोलिन वाजवणाऱ्या दक्षिणेकडच्या बाई, ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या. त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं, विभागप्रमुख झाल्या आणि गळ्यातून निघावं तसं गाणं व्हायोलिनमधून काढलं. मुलगी आणि नातीही व्हायोलिनच वाजवतात. तिकडे बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांकडे सोपवून गायनशाळा काढली होती, ती आज तिथल्या विद्यापीठाचाच भाग आहे. म्हणजे घरात गुरूच्या पायाशी बसून शिकायची विद्या शाळेत आली, तेव्हा ज्यांच्या घरात गाणं नव्हतं त्यांनाही दार उघडलं. आमच्यासारख्यांनाच, असं आम्ही मनात म्हटलं.

मॅडमनी कामाची माहितीही दिली, ती लिहून घ्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद, या तिन्हींचे प्रत्येकी प्रथम आणि पूर्ण असे दोन भाग, आणि त्यापुढे अलंकार. नोकरीला असाल, शेतात असाल तरी देता येतात. आणि दहावीच्या मुलांना शास्त्रीय कलेच्या परीक्षांबद्दल सवलतीचे गुण मिळायची सोय आहे. त्याच्या अटी आणि मुदत शाळेत वेळेवर विचारा, मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही.

आता आक्कांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उशिरा होता, म्हणून आम्ही सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेत ही गल्ली प्रसिद्ध आहे. पूर्वी शिकलगार मंडळी तलवारी, भाल्यांना धार लावायची. ते काम कमी झालं तसं फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली, आणि दीडशेहून जास्त वर्षं त्यांच्या पुढच्या पिढ्या सतारी, तंबोरे करतायत. अब्दुल करीम खाँसाहेब याच मिरजेत राहिले आणि तंबोरा कसा बोलावा याबाबत ते फार काटेकोर होते, असं तिथले लोक सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे ना, तसंच.

एका कारखान्यात शिरलो तर भिंतीला लागून भोपळ्यांचा ढीग. घागरीएवढाले, वाळलेले. आक्का सरळ ढिगाजवळ गेल्या, एक भोपळा उचलला, बोटाने टकटक केलं, फिरवून बूड बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यो आमच्याकडचा."

कारागीर म्हणाला, होय आजी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडूनच येतात. आक्का या भोपळ्यासाठीच आल्या होत्या. त्यांनी आणि त्यांच्या मालकांनी वीस वर्षं हे कडू भोपळे पिकवले. आम्हाला तिथे उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. हा खायचा भोपळा नव्हे, इतका कडू की जनावर तोंड लावत नाही आणि कीडही लवकर लागत नाही. फळ धरलं की खाली गवत सारायचं, बूड नीट बसवायचं, नाहीतर एका अंगाने चपटं होतं. हिरवं तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्यायचं. नदीला पाणी आलं की सगळा मळा जातो, तो त्यांचा दोनदा गेला. व्यापारी यायचा, बोटाने वाजवून बघायचा, आणि शंभरातले साठ बाजूला काढायचा. त्या साठांचं पुढे काय व्हायचं, तर काही नाही, चुलीत जायचे.

वीस वर्षं पिकवले, पण त्याचं पुढे काय होतं ते आक्कांनी कधी पाहिलं नव्हतं. कारागिराने दाखवलं. भोपळा पाण्यात भिजवतात, कापतात, आतला गर आणि बिया खरवडून पुन्हा वाळवतात. त्याला तूण नावाच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडतात, वर पातळ लाकडाची तबली बसवतात, मग रंग आणि लाखेचं पॉलिश. शेवटी घोडी, म्हणजे ज्यावरून तारा जातात तो लहानसा पाट. तो कानसेने इतका हलका घासतात की तारेच्या स्पर्शाला धार येते. त्याला जवारी काढणं म्हणतात. सगळ्यात जास्त अक्कल तिथे लागते, आणि आम्ही पाहिलं तर तेवढंच काम घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे होतं. कामाला सगळे पुरुषच दिसले. विचारलं तर म्हणाले, घरातल्या बाया पॉलिशला हात लावतात. बरं.

मग त्याने एक तयार सतार खाली घेऊन छेडली. आम्ही आक्कांच्या तोंडाकडे बघत होतो. आम्हाला वाटलं, त्या रडतील. आक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "केवढ्याला?" त्याने आकडा सांगितला. "आन् भोपळा केवढ्याला घ्येता?" त्याने तोही सांगितला. आक्का म्हणाल्या, "एवढं ग्वाड वाजतंय, मग आमचा भाव का पाडताय रं बाबा?"

कारागीर खरा माणूस होता. म्हणाला, आजी, मधला माणूस खातो, मलाही चांगला भोपळा महागच पडतो, आणि आता लावणारेच कमी राहिलेत. हे बोलणं आमच्या सचिवांनी लगेच वहीत टिपून घेतलं. का, ते सांगतो.

परत आल्यावर दहा तारखेची बैठक झाली. आम्ही जे पाहिलं ते सांगितलं, काही सजवलं नाही. सतार घेतली म्हणजे पोरगी कलाकार होईल असं कुणीच म्हणालं नाही. शेळीवाल्या ताईच आधी बोलल्या. म्हणाल्या, उसनं वाद्य म्हणजे उसनं जातं, दळायला गेलं की आधीच्याचं पीठ निघतंय. कर्ज द्या, पण अठ्ठावीस नको. शेवटी ठराव असा झाला, की पंधरा हजार गटाने द्यायचे, उरलेले घरच्यांनी उभे करायचे. त्याच बैठकीत शेळीचाही अर्ज मंजूर झाला. दोघीजणी विरोधात राहिल्या. त्यातली एक पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही, आणि तिचा राग आजही पुरता गेलेला नाही. तिचं म्हणणं, माझ्या पोराला मोबाईल दुरुस्तीच्या क्लासला पैसे मागितले तेव्हा तुम्ही शिल्लक नाही म्हणालात. तेव्हा खरंच शिल्लक नव्हती. पण तिच्या जागी आम्ही असतो तर आम्हालाही पटलं नसतं.

वडिलांचा प्रश्न होता. ते बैठकीला येऊ शकत नाहीत, पण बाहेर पारावर बसून सगळं ऐकत होते. वहिनींनी घरी जाऊन एक म्हैस विकायचा विषय काढला, तेव्हा ते चिडले. मध्ये पडल्या आक्का. मुलाला म्हणाल्या, "माझ्या भोपळ्याचं आजवर काय झालं त्ये मला म्हाईत नव्हतं. आता घरात एक तरी असू दे." म्हैस विकली नाही. आक्कांच्या डोरल्यातले दोन मणी गेले. त्या मण्यांबद्दल वडील आजही बोलत नाहीत. स्थळवाल्यांना त्यांनी एक वर्षाने या म्हणून सांगितलं. ते थांबतील की नाही, आणि वर्षाने वडील काय म्हणतील, हे आम्हाला ठाऊक नाही.

सतार मिरजेहूनच आणली. एसटीत मांडीवर घेऊन. हिशेब तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, सतार हे शैक्षणिक साहित्य कसं? आम्ही पोरीचं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, तर म्हणाले, बरं, पण वहीत 'वाद्य' असं स्पष्ट लिहा. लिहिलं. या वेळी दुसरं काही लिहायची वेळ आली नाही.

कर्जाचे पाच हप्ते वेळेवर आलेत. दोन हप्ते पोरीने स्वतः भरले, गावातल्या तीन लहान मुलांना पेटीवर सरगम शिकवून. मध्ये एकदा तार तुटली आणि गावात मिळेना, तेव्हा आठ दिवस वाजवणं बंद होतं. आता ती दोन तारा जास्तीच्या ठेवते. पहाटे पाचला वीस मिनिटं नुसता दा चालतो. शेजारी आधी कुरकुरले, आता म्हणतात गजर लावायला नको.

आणि सचिवांनी वहीत काय टिपलं होतं, ते. या पावसाळ्याच्या तोंडाला आमच्यातल्या चौघी मिळून दहा गुंठ्यांत कडू भोपळा लावणार आहोत, आक्कांच्या देखरेखीखाली. बी त्यांच्याकडे मडक्यात राखेत ठेवलेलं आहे, उगवतंय का ते आधी थोडं पेरून बघू. माल थेट गल्लीत न्यायचा, मधला माणूस नको, असं ठरलंय. पण भाडं किती पडेल आणि शंभरातले किती भोपळे कारागीर बाजूला काढतील, याचा हिशेब अजून बसलेला नाही. त्यावर येत्या दहा तारखेला बैठक आहे. आपल्या ऐकणाऱ्या बहिणींपैकी कुणी कडू भोपळा लावत असेल, तर आम्हाला गटाच्या पत्त्यावर कळवा. वाळवताना बूड का तडकतं, एवढं आक्कांनाही नीट सांगता येत नाहीये.